सातवा मजला, चाळीस मीटर

तेकलेने पाठवलेली डबी काडेपेटीएवढी.
"हाच रेडिओ, आजोबा. बाकी सगळं गणित."
एकतीस वर्षं जहाजावर ज्या कपाटाएवढ्या यंत्राला
पुसत, थोपटत, शिव्या देत राहिलो
ते म्हणे आता आकड्यांत विरघळलंय.

बरं. लावली.
पडद्यावर निळा धबधबा उतरू लागला
आणि त्यात काहीच नव्हतं,
म्हणजे सगळंच होतं एकदम:
समोरच्या कॅसिनोचे दिवे, कुणाचा तरी चार्जर,
नाणं टाकल्यावर खाकरणारी आमची लिफ्ट.
अख्खं बाटुमी कानात गुरगुरत होतं
आणि त्या गुरगुरण्याच्या तळाशी कुठेतरी
वार्नाहून राद्को, दर बुधवारी रात्री दहाला,
पाच वॅटमध्ये माझी जुनी कॉलसाइन ठोकत होता.

लागलो कामाला.
मेन स्विच पाडला, लॅपटॉप बॅटरीवर,
मग एकेक फ्यूज वर करत गेलो श्वास रोखून.
फ्रिज निर्दोष.
स्वयंपाकघरातला स्वस्तातला दिवा पक्का चोर.
यूएसबीच्या वायरीला फेराइटच्या कड्यातून अकरा वेढे,
नानुलीची लोकर धरून बसायचो तसेच, मनगटं आखडेपर्यंत.
गेन कमी केला. तेकलेला हे पटेना.
ऐकू येत नाही तर वाढवायचा ना?
नाही, पोरी. सगळेच ओरडत असले की कान अर्धा मिटायचा,
म्हणजे जवळच्या दांडग्या स्टेशनाचं भूत
भलत्याच्या जागेवर येऊन बसत नाही.
बाल्कनीत, धुण्याच्या दोरीच्या कप्पीशेजारी,
तांब्याच्या नळीचं मीटरभर कडं उभं केलं.
ते फिरवलं की जगाची एक बाजू बहिरी होते.

एवढं करून उरल्या त्या रेघा.
दर साठ किलोहर्ट्झवर एक, जाड, कडेला विसविशीत,
फणीच्या दातांसारख्या,
आणि त्यातला एक दात नेमका राद्कोवर.
खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन जिना हुंगत उतरलो.
सहावा मजला. त्सिउरीचं दार.
चार शब्द सुनवायचे म्हणून बेल दाबली.
तिनं दार उघडलं, नाकात नळी.
मागे गुडघ्याएवढं यंत्र,
हवेतून प्राणवायू वेचत बसलेलं.
"आवाज होतो का वर, बातोनो जुंबेर?"
म्हटलं, "छे. थोडं मीठ मिळेल?"

मीठ घेऊन वर आलो. घरात दोन पुडे होते.

फेब्रुवारीतला बुधवार, दहा वाजून चार मिनिटं.
रेघा गेल्या.
सगळ्या. एका क्षणात धबधबा नितळ
आणि त्यात राद्को इतका स्वच्छ
जणू शेजारच्या केबिनमधून ठोकतोय.
सुंठीवाचून खोकला गेला,
असं मनात आलं,
आणि ते मनात आल्याची लाज पोचायच्या आत
मी जिन्यावर होतो, हेडफोन गळ्यात, वायर मागे फरफटत.
लिफ्टसाठी नाणं शोधायला वेळ नव्हता.
कुणी मला हाक देत असताना
जागा सोडून उठलो, आयुष्यात पहिल्यांदा.

त्सिउरीच्या हातात ओला स्पंज.
"फिल्टर धुतेय," एकेका शब्दाला थांबत,
"धूळ फार धरतो. तुम्हाला काय झालं?"
"मीठ," म्हणालो. "परत करायचं राहिलं होतं."
माझे हात रिकामे. तिनं पाहिले.
काही बोलली नाही, स्पंज पिळला.

वर येईपर्यंत फणी पुन्हा उभी, दात न् दात.
कडं थोडं वळवलं,
पुरतं नाही. एक फिकट रेघ राहू दिली.
राद्को म्हणत होता: गुडघा दुखतो, कोबी महागला,
मुलगी येणार आहे, ती
पुढची दोन अक्षरं रेघेखाली गेली.
वहीत मी "रविवारी" असं लिहून टाकलं.