चौदा किलोमीटर

जाताना शलाकानं किल्ली माझ्या हातात दिली.
बाबा, एक दिवसाआड सुरू करायची,
पाच मिनिटं, मेन स्टँडवर. नाहीतर बॅटरी बसते.
मुलगी ड्रेस्डेनला चालली होती, एका सत्रापुरती,
आणि आम्ही पार्किंगमध्ये बॅटरीबद्दल बोलत होतो.

मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या लॅबमध्ये असतो.
सव्वीस वर्षं पोरांना व्हर्नियर काढून देतो,
मोजून परत घेतो.
सर सांगतात ते दाराशी उभं राहून पाठ झालंय:
आधी शून्यत्रुटी बघा, मग माप घ्या.
ती गेली आणि घरातली मापं चुकू लागली.
गिझर सवयीनं तेवढीच मिनिटं,
आणि एक बादली गरम पाणी
नुसतं निवत राहायचं.

तिच्याकडचं घड्याळ साडेतीन तास मागे.
नलूनं ते कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलं.
मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
कोणी जागचं हललं नाही,
आणि अंतर साडेचार तास झालं.
तिकडे घड्याळं फिरवतात, शलाका म्हणाली, दर वर्षी.
नलू म्हणाली, आम्हाला विचारायचं तरी.

सकाळी साडेसहाला धनकवडीतल्या त्या पार्किंगमध्ये
गाडी सुरू करून मी शेजारी उभा.
मागचं चाक हवेत, सावकाश फिरणारं.
मीटरवर तोच आकडा: एकवीस हजार चारशे शहाऐंशी.
तळमजल्यावरचे बहिरट पहिल्या दिवशी विचारायला आले,
दुसऱ्या वेळी सांगायला:
धूर आमच्या स्वयंपाकघरात येतो.
बरोबर होतं त्यांचं. मी गाडी चार फूट सरकवली.

चालवता येत नाही असं नाही.
ब्याण्णव साली लूना होती.
कात्रजच्या उतारावर पडलो. तेव्हापासून पीएमटी.

शलाकाचा विषय नदीतला गाळ.
डिसेंबरात एका शनिवारी तिनं फोनवर एल्ब दाखवली.
इथे रात्रीचे नऊ, तिथे साडेचार आणि काळोख,
त्यामुळे दिसली ती खिडकीची काच,
आणि काचेत तीच, माझा जुना स्वेटर घातलेली.
मग म्हणाली, आपली कशी आहे?
मी म्हणालो, एका झटक्यात सुरू होते.
नदी, बाबा.

रविवारी तिचं हेल्मेट घातलं. कानाशी घट्ट.
गाडी स्टँडवरून उतरवली.
दोन्ही पाय खाली सोडून निघालो,
रस्त्याच्या अगदी कडेकडेनं.
पद्मावतीला इंडिकेटर दिला होता,
लक्ष्मीनारायणपाशी एक मुलगी ओरडली, काका, बंद करा तो!

भिडे पुलावर थांबलो.
हिवाळ्यातली मुठा, असून असून किती असणार.
जलपर्णी, निर्माल्याची एक गाठ मारलेली पिशवी,
तिच्याभोवती पाणी जरा वळून जात होतं.
फोटो पाठवला. तिनं लगेच विचारलं,
खांबावर ओल कुठवर आहे?
मी पुलाच्या कडेशी गुडघ्यांवर बसलो, वाकलो.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच
कोणी मला माप घ्यायला सांगत होतं.
लिहिलं: कडेपासून दीड हात खाली.
शून्यत्रुटी बघितलेली नाही.
ती बराच वेळ टाइप करत होती,
शेवटी आलं एवढंच: कसे गेलात?
बसनं, मी लिहिलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी
एक तास आपला आपण परत आला.
गुरुवारी ती.
बॅगा वर न्यायच्या आधी गाडीपाशी गेली,
सीटवरून हात फिरवला, बोट बघितलं,
मग वाकून मीटर.
एकवीस हजार पाचशे.
बाबा, चौदा किलोमीटर कोणी चालवली?

बहिरट खिडकीत उभे होते, चहाचा कप घेऊन.
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मी म्हणालो, ती मोठी बॅग इकडे दे.