हुषार

पहाटे साडेचार. बुटाची नाडी दोनदा बांधतो
आणि अंथरुणाकडं वळून सांगतो:
अकोळ रस्ता, ओढ्याच्या पुलापर्यंत, सव्वापाचला घरात.
आई झोपेतच हं म्हणते.
रात्री बारापर्यंत विड्या वळलेल्या तिच्या बोटांना
अजून तंबाखूचा वास आहे.
तिचं तेवढं हं मी खिशात टाकतो, फोनच्या शेजारी.

आमच्या निपाणीत बाईसुद्धा 'मी जातो' म्हणते.
पण अंधाराला क्रियापदं कळत नाहीत,
त्याला पावलं कळतात:
हलकी की जड, एकाची की दोघांची.

म्हणून उजव्या कडेनं पळतो, येणारा दिवा तोंडावर घेत.
कानात गाणं नाही. पाठीला तेवढेच डोळे.
अंगावर दादाचं हायवेच्या कामावरचं जुनं जाकीट,
दोन चंदेरी पट्टे, एक उसवलेला.
मारुतीच्या देवळामागची तीन कुत्री ओळखीची झालीत,
चौथं नवं आहे. त्याच्यासमोर पळायचं नाही.
थांबायचं, वाकायचं,
दगड नसला तरी उचलायचा.

भरतीच्या मैदानावर साहेब घड्याळ धरून उभे असतील.
तिथं नुसतं पुढं बघून पळायचं असतं म्हणे.

मंगळवारी एक मोटरसायकल पुढं गेली.
परत आली.
मग मागं राहिली, पहिल्या गिअरात, दिवा विझवून.
घर दीड किलोमीटर. दोन्हीकडं ऊस, डोक्याच्या वर,
आणि उसात वाट असते तशी विहीरही असते.
शिट्टी दातात धरली. फुंकायला वारं उरलं नव्हतं.
लहानपणी सांगितलेलं, भ्यालं की घराकडं पळावं.
मी उजेडाकडं पळालो.

ऊसतोड्यांची पालं. बीडकडची माणसं.
सात-आठ चुली पेटलेल्या, भाकरी थापल्याचा आवाज,
आणि कौसाबाई,
जी आजवर माझ्यासाठी रस्त्याकडेचा धूर होती,
ती कोयता घेऊन डांबरापर्यंत चालत आली.
बोलली काही नाही. नुसती उभी राहिली.
मोटरसायकलचा दिवा लागला, लांब गेला, बारीक झाला.

बस चुलीपाशी, म्हणाली. घाम वाळू दे.
मग भाकरी उलटत, माझ्याकडं न बघता:
आमच्या गाडीला मागनं ट्रक लागला व्हता, दोन सालामागं.
एक बैल गेला. आन् पोरगं…
गाडी दिसलीच नाय म्हनं त्याला.

चुलीत चिपाड फुटलं.
मी जाकिटाच्या पट्ट्याकडं बघत राहिलो.

तो उसवलेला पट्टा त्याच दिवशी पूर्ण फाडला.
आईच्या पानं कापायच्या कात्रीनं चार तुकडे,
दाभण, सुतळी.
कौसाबाईचा नवरा म्हणाला, बैल बुजतील की गं.
बैल बुजले नाहीत.

आता पुलाच्या अलीकडं, गच्च काळोखात
बॅटरी मारली की
जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर
माझाच एक तुकडा पुढं चाललेला दिसतो,
घुंगरांच्या मागोमाग, डुलत.
त्याला मागं टाकताना मी खाकरतो.
आतून कुणीतरी खाकरतं.

आणि कारखान्याकडून रिकामी येणारी ट्रॉली,
तिच्यावरचा रायबागकडचा ड्रायव्हर, मल्लाप्पा का कोण,
लांबूनच डिप्पर मारतो आणि ओरडतो:
हुषार, तंगी!
त्याच्या कन्नडात त्याचा अर्थ, जपून जा बहिणी.
माझ्या मराठीत तो शब्द
गुणपत्रिकेवर कधी आला नव्हता.
मी दोन्ही अर्थ घेतो,
एकदा मागं बघतो.

सव्वापाचला दोन मिनिटं कमी. कडी लावतो, नाडी सोडतो.
अंधारात आई कूस बदलते
आणि तेव्हा कुठं
तिला खरी झोप लागते.