पातळी

एक वाटी पिठीसाखर, दोन चमचे दूध,
वर लिंबू, चार थेंब.
तमन्ना मुलाणीनं वहीच्या पानावर लिहून दिलंय
आणि खाली दोनदा रेघ मारलीय :
काका, दूध एकदम ओतू नका.

हे मला सांगते.
एकतीस वर्षं आयर्विन पुलाच्या खांबावरचे
फूट आणि इंच वाचले मी.
एकदम आलं की काय होतं
ते मला कागदावरून कळायला नको.

तरी ओतलं.

वाटीत ताक झालं.
केक बिनअंड्याचा, दह्यातला,
आमच्या घरात अंडं येत नाही.
त्यावर चमचाभर सोडून बघितलं
तर सगळं कडेनं खाली, ताटात,
वर नुसता ओला डाग.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
हे सरळ सत्तावन्न.

मग साखर. एक चमचा. अजून एक.
चाळणीतून, कारण गुठळी राहिली की राहिलीच.
घोटता घोटता चुना झाला,
चमचा उभा.
भिंतीला द्यावा असा.

भिंतीला.

फ्रीजच्या वर वीतभर एक रेघ आहे आमच्याकडं,
मळकट, गढूळ पाण्याच्या रंगाची.
रंगारी दोनदा आला,
मालन दोन्ही वेळा म्हणाली,
तेवढी सोडून मारा.

त्या रात्री मी पुलावर होतो.
दर तासाला आकडा कळवत होतो,
अर्ध्या इंचाची चूक नाही.
आणि इथं ती एकटी जिन्यावरून वर-खाली,
पासबुकं, गॅसची शेगडी, ट्रंकेतली दोन पातळं,
शेवटच्या खेपेला शेजारची तमन्ना कडेवर,
पाचवीतली, चांगली जड.
जिल्ह्याला फोन लागत होता तुमचा,
असं ती कधी म्हणाली नाही.
रेघ तेवढी ठेवली.

"काका, हे लिंपायचंय का?"
तमन्ना दारात, बारावीची पुस्तकं छातीशी धरून.
तिनं दूध बोटांनी शिंपडलं, थेंब थेंब.
"आता चमच्यानं वर रेघ ओढा आणि मोजा.
दहाच्या आत पुसली तर पातळ.
दहानंतर दिसली तर घट्ट."

सहा थेंब. रेघ जागच्या जागी.
आठ. अजून आहे.
"किती हळू मोजताय हो!"
सवय आहे, म्हटलं, नदी घाईनं मोजत नाहीत.
अकराव्या थेंबाला रेघ कडांकडून विरत गेली
आणि दहाला नाहीशी झाली.
मी परत ओढली. परत गेली.
तिसऱ्यांदा तमन्नानं हातातून चमचा काढून घेतला.

ऊन हरिपूरच्या बाजूला कललं होतं.
मालन दिवस मावळायच्या आत जेवते,
आणि हे वाळायला अर्धा तास तरी हवा.
मधोमध सोडलं.
काठापर्यंत गेलं, काठावर थबकलं,
तीन-चार ठिकाणी बोटभर खाली उतरलं
आणि राहिलं तिथंच.

मालन बस्तीतून आली.
केककडं बघितलं, मग माझ्याकडं.
वाढदिवस नव्हता कुणाचा.
तमन्ना हळूच सटकली.
बसून तिनं एक तुकडा खाल्ला, सावकाश,
"साखर जास्तीय," म्हणाली,
आणि वाटीतलं उरलेलं बोटानं निपटलं.
बोटाची रेघ उमटली पांढऱ्यात.
आठ, नऊ, दहा, अकरा.
वाळत आलं होतं ते, कुठून पुसणार.

"काय पुटपुटताय?"

सहा वाजून पाच मिनिटं.
खिडकीत उजेड होता अजून.
"फोन करायला पाहिजे होता मी," म्हटलं.

"कधी?" म्हणाली,
आणि वाटी नळाखाली धरली.
आधी पांढरं पाणी आलं,
मग साधं.