शेरा

कुर्ल्यात, रेशनच्या दुकानावरची माडी: आमचं केंद्र.
खुर्च्या तीन. एक माझी, एक फायलींची,
एक पाय डुगडुगणारी, ती येणाऱ्यांसाठी.

वहीला सात रकाने. शेवटचा: शेरा.
माझ्याआधी अकरा वर्षं टिपणीस सर होते,
अक्षर मोत्यासारखं.
त्या अक्षरात त्यांनी लिहिलेलं:
दारुडा. पांगळा, हुज्जत घालतो. नवऱ्याने टाकलेली.
मीही त्यात भर घातली: वारंवार येते.
जणू कुणी हौसेनं चढतं
हा अंधारा, तेलकट जिना.

शेवंता काळोखे रात्रशाळेत जायची, हे मला ठाऊक नव्हतं.
टेबलापलीकडून, उलट्या वहीवर बोट ठेवून
तिनं अक्षरं जुळवली:
टा-क-ले-ली.
मग वर पाहिलं.
"टाकतात ते काय बाई, शिळं. नाहीतर केर.
मी उठून आले.
दोन पोरी, एक पिंप, मिक्सर.
चावी फिलोमिनाकडे दिली.
तो झोपला होता, दूध उतू चाललेलं,
गॅस बंद करून निघाले.
हे लिहा. जागा आहे का तिथं?"

जागा नव्हती. रकाना दोन बोटं रुंद.
मी पान उलटलं आणि मागे लिहू लागले,
मिक्सरसकट.

अर्जावर मात्र छापलेलंच होतं: परित्यक्ता.
मी खोडायला गेले तर तिनंच हात धरला.
"तिथं राहू दे. पैसे त्या नावानं येतात.
तुमच्या वहीत नको."

त्या रात्री, भांडी घासताना, लक्षात आलं:
बावन्न वर्षांच्या बाईला मी सहा महिने तू म्हणतेय,
आणि खाली, वजनात मारणाऱ्याला
अहो शेठ.

मग दादरला एक कार्यशाळा झाली.
डावीकडे जुने शब्द, उजवीकडे नवे,
मध्ये बाण, वर उपमा आणि चहा.
मी उजवी बाजू पाठ करून आले
आणि पाटकरांना म्हटलं, दिव्यांग.
ते बेअरिंगच्या फळीवर बसून, जिन्याच्या तळाशी,
माझ्याकडे मान वर करून बघत होते.
"दिव्य काय त्यात? पाटकर म्हणा.
आणि शब्द बदलून झाले असतील
तर तुम्ही खाली या."

आता गुरुवारी मी खाली बसते,
गव्हाच्या पोत्यांना टेकून, वही मांडीवर.
शेठ कुरकुरतो. मी त्यालाही अहोच म्हणते,
ते काही सुटत नाही.

चंद्रिका आली तेव्हा पेन क्रियापदाशी अडलं.
कागदपत्रांवरचं नाव वेगळं, समोरचा आवाज वेगळा,
आणि आपल्या भाषेत
साधं दारातून आत येणंही
बाई की बुवा विचारल्याशिवाय होत नाही.
मी खाली वाकून, कुजबुजत विचारलं: कसं लिहू?
"आली लिहा.
आणि एवढं हळू कशाला विचारता?
आजार आहे का मला?"

परवा शेवंताबाई दाखला न्यायला आल्या.
मी उठून उभी राहिले. डुगडुगणाऱ्या खुर्चीत मी बसले,
माझी त्यांना दिली.
म्हटलं, तुम्हाला काय म्हणू? ताई, बाई, नुसतं नाव?
त्या हसल्या, पदरानं घाम पुसत.
"ताई म्हण.
सहा महिन्यांनी का होईना, विचारलंस.
जेवलीस का तू?"

तू.
तोच शब्द, एवढाच लहान,
आणि तो मला कुठेच लागला नाही.
का, ते अजून कळलेलं नाही.
शेऱ्याचा रकाना आज कोरा ठेवलाय.