थर्कल अँड सन्स

दाराच्या वर चार स्क्रूची भोकं,
मधे एक लंबगोल, बाकीच्या रंगाहून फिकट.
नावाची पाटी कुणीतरी केव्हाच काढून नेली होती.
एवढ्या सुतावरून मला स्वर्ग गाठायचा होता.

विदर्नसीच्या वाटेवर एका शेतात सापडली ही कॅरॅव्हॅन,
आत कोंबड्या.
गॅरी क्रेसी म्हणाला, फुकट घेऊन जा,
फक्त गादीवर एक खुडूक बसलीय, तिचं होऊ दे.
तीन आठवडे थांबलो.
अकरा पिल्लं निघाली. मग हूक लावला.

हलच्या दफ्तरखान्यात पेन चालत नाही,
शिसपेन्सिल देतात, तीही आखूड.
नाव: मॉरिस ऑट्रेड. व्यवसाय: निवृत्त, गॅसमीटर वाचणारा.
संशोधनाचं कारण: इथं मी बराच वेळ पेन्सिल चावली.
एकतीस वर्षं लोकांची घरं मी
जिन्याखालच्या अंधारावरून ओळखली.
हे एक घर राहिलं होतं.

त्रेपन्नच्या व्यापारी सूचीत काही नाही.
चोपन्नमध्ये, टॅनरी लेन, खाटीक आणि शवपेट्यांवाल्याच्या मधे,
एक ओळ: थर्कल अँड सन्स, फिरती घरं.
अठ्ठावन्नमध्ये त्या जागी टायरवाला.
चार वर्षं. आणि माझ्या गाडीच्या आसावर
छिन्नीनं ठोकलेला आकडा, ४१७.
एका गल्लीत, चार वर्षांत, चारशे सतरा?
हिशोब बसेना.
विम्याचे नकाशे काढले, दिवाळखोरीच्या नोटिसा,
जत्रेतल्या प्रदर्शनाचा एक फोटो, ज्यात
नेमकी थर्कलची गाडी एका जाड माणसाच्या मागे.
त्या माणसाचा मी अजूनही राग करतो.

मग पोटमाळ्यासारख्या वरच्या कपाटाची फळी काढली
तेव्हा मागच्या हार्डबोर्डवर पेन्सिलीत मापं,
आणि कोपऱ्यात, बारीक: म्यु. थ. पाय गारठलेत.

हॉर्नसीच्या वृद्धाश्रमात म्युरिएल थर्कल, वय एक्क्याण्णव,
चहात बिस्किट बुडवून विसरून गेलेली.
सन्स? ती हसली. आम्ही तिघी बहिणी.
बाबांनी आधी पाटी करून घेतली, पितळेची, महागाची.
मग वंशाच्या दिव्याची वाट बघत राहिले.
पडदे एडनाचे, रंग विनीचा,
कागदावर रेघा मारायची मी.
गिऱ्हाईक आलं की आम्ही मागच्या खोलीत.
मुलं कामावर गेलीत, असं बाबा सांगायचे.

आणि चारशे सतरा?
अगं बाई, ती म्हणाली, तो आकडा चारशेपासूनच सुरू केला.
कुणाची पहिली गाडी कोण विकत घेतं?
म्हणजे तुझी सतरावी.
त्यानंतर दोनच झाल्या.

मी वहीत लिहून घेत होतो, खाली मान घालून,
तिनं माझं मनगट धरलं.
पावसात दार अडतं का रे अजून?
अडतं.
पाव इंच. माझी चूक. बाबांना शेवटपर्यंत सांगितली नाही.
लाकडाला दोष दिला, लाकूडवाल्याचे पैसे कापले.
मग खुर्चीवरून अर्धवट उठून दाखवलं तिनं:
खांदा नाही लावायचा. कमर.

परत येताना बिस्किटाचा चुरा माझ्या वहीत.

ढाली-चषकांवर नावं कोरणाऱ्या दुकानातून दोनदा फोन आला,
पितळ कापून ठेवलंय, लंबगोल, मापात,
अक्षरं कोणती घालू?
मागचीच घाला म्हणालो, मग नको म्हणालो,
मग थांबा म्हणालो.
दर अक्षराचे पैसे वेगळे, तो म्हणाला.

संध्याकाळी समुद्राकडून पाऊस आला, तिरका.
किटली घेऊन मी आत निघालो, दार अडलं.
वही काखेत मारली,
आणि कमर लावली.