तीन फुटांवर

मिंगेलने कोटेशन पाठवलं:
आय-बीम आठ, रंगीत पत्रे, नट-बोल्टांसकट,
वर फेरीचं भाडं वेगळं.
चोडणला लोखंडसुद्धा बोटीतूनच येतं.

विठू च्यारीकडे कोटेशन नाही.
त्याने किंदळीचा ओंडका नखाने टोकरला,
हुंगला, म्हणाला, बारा खांब.
बुडाला डांबर लाव. पुढचं वाळवीच्या मर्जीवर.

आत ठेवायचंय ते असं:
एक पॉवर टिलर, हप्ते अजून सुरू,
कोरगुटचं बियाणं, सहा पोती,
दोन म्हशी, आणि पावसाचे चार महिने माझा नवरा,
जो घरात बसला की चांगले चालणारे पंखे खोलून ठेवतो.

गंमत अशी, मिंगेलला चहा दिला
तर बशी खाली ठेवत तो हळूच म्हणाला,
'बाय, खारं वारं आहे इथे.
माझ्या स्वतःच्या गेटला सात वर्षांत भोकं पडली.'

आणि च्यारी, जाता जाता, चप्पल शोधत:
'लोखंडच घाल गो.
माझा पोर आता पणजीत एसी दुरुस्त करतो.
उद्या खांब कुजला, तर बदलायला येणार कोण?'

दोघंही खरं बोलले.
म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी कुदळ घेतली.
खड्डा तर दोघांनाही लागतो.

तीन फुटांवर पाणी आलं, गढूळ, शांत.
बोट बुडवून जिभेला लावलं.

मानशीपलीकडची नदी
माझ्या आधीच येऊन
जागा मोजत बसली होती.