नियमात न बसणारा

सभेत दोन विषय एका दमात मंजूर झाले:
चौकातले विनापरवाना फलक काढणे,
आणि आमच्या शाळेची गळती.

फलक त्याच रात्री उतरले.
गळतीची निविदा
अजून निघायची आहे.

म्हणून शिपाई इंगवले
डंपरमागनं सायकल मारत
पार कसबा बावड्यापर्यंत गेला,
वाढदिवसाचा एक वीस बाय दहा
घडी घालून कॅरेजला बांधून आला.
म्हणाला, नियमात बसत नव्हता, बाई,
छपरात बरोबर बसतोय.

आता चौथी ‘ब’च्या डोक्यावर
भाऊ हात जोडून हसतात, उलटे.
सतराचा पाढा अडला
की पोरं वर बघतात.

काल अलफिया बागवान उभी राहिली.
मला वाटलं, उत्तर आलं.

बाई, म्हणाली,
ह्यांच्या गॉगलखालनं
पाणी यायलंय.